आयेचं बोट, बर्फाची सबब

९ डिसेंबर १९९३

आयेने आज पुन्हा बोट कापून घेतलं. ओट्यावर हलवा मासा चिरत होती. समोरची बाई ओरडली, "अगं मावशी, रक्त!" तेव्हा हिने खाली बघितलं. कळच नाही. महिन्यात तिसऱ्यांदा. डाव्या हाताची तर्जनी. मासा धरायचा तो हात.

शाळा सुटल्यावर बाजारात गेले तर ओट्यावर चिंधी बांधून बसलेली, आणि वर हसतेय. "दुखत नाय गो. बरा हाय ना?"

बरं नाहीये, आये. तेच तर.

११ डिसेंबर

शाळेतल्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, डोक्यात ठेवू नका, कागदावर आणा. तर क्रमाने.

ऑगस्टमध्ये आयेच्या त्या बोटावर तीन चामखिळी. मासळी विकणाऱ्या बायकांना होतातच. नौपाड्यातला कातडीचा डॉक्टर (क. लिहिते. स्वतःच्या वहीतसुद्धा पूर्ण नाव लिहायची भीती वाटते, कमाल आहे) आमचं जुनं गिऱ्हाईक. दर रविवारी यायचा, पापलेट आयेनेच निवडून द्यायचं. तोच म्हणाला, दवाखान्यात ये, गोठवून काढतो, दोन मिनिटांचं काम.

थर्मासमधून धूर निघतो तसलं गार औषध. पहिल्या वेळी कापसाच्या काडीने लावलं. काही झालं नाही, चामखिळीही गेल्या नाहीत. ४ सप्टेंबरला दुसऱ्यांदा. मी सोबत गेलेले. या वेळी धातूची दांडी, त्या औषधात बुडवून दाबून धरली. मध्येच फोन आला. एका हातात फोन, एका हातात दांडी. आये म्हणाली, "डाक्टर, आग होते, सोडा." त्याने फोन खांद्यात धरला आणि हसला. "अगं, कोळीण ना तू? तुला गारव्याचं काय!" तिने हात ओढला तर मनगट दाबून धरलं.

मग फोड. मग काळं पडलं. जखम भरायला दोन महिने, सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या. आता शेंडा वाकडा आणि मेलेला.

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. चाळीस पोरांच्या वर्गावर ओरडते रोज.

१४ डिसेंबर

क.कडे गेले. तो हल्ली बाजारात पलीकडच्या रांगेत मासे घेतो, आयेच्या ओट्याकडे बघत नाही. दवाखान्यात मात्र गोड बोलला. "असं एखाद्याला होतं. गोळ्या लिहून देतो." मी केसपेपर मागितला.

"कसला केसपेपर? मी कुठे पैसे घेतले तुमच्याकडून?"

खरंय. पैसे नाही घेतले. दोन्ही वेळा पापलेट घेतली. त्यानेच सांगितलेलं, पैसे नको, जोडी आण. दुसऱ्या वेळची जोडी मीच पिशवीत घालून नेलेली.

१८ डिसेंबर

चौकी. हवालदार वाईट नव्हता. "ताई, मुद्दाम केलं का त्यांनी? नाही ना? मग आमचं काम नाही. कोर्टात जा."

२७ डिसेंबर

कोर्टाजवळचा वकील. दिवाणी दावा लावता येईल म्हणाला. फी भरायची, तारखा घ्यायच्या, वर्षं जातील. मग विचारलं, "आईचं वय काय?"

"बावन्न."

"हं."

त्या 'हं'चा राग घरी येईपर्यंत गेला नाही. अजून गेलेला नाही.

१६ जानेवारी १९९४, रविवार

डोंबिवलीला. कुलकर्णीबाईंच्या ओळखीचे सबनीस काका, रेल्वेतून रिटायर झालेले क्लार्क. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून लोकांना ग्राहक कायद्याचं सांगतात, फुकट. माझ्याआधी एक बाई बिघडलेल्या मिक्सरची तक्रार घेऊन बसलेली. मिक्सरनंतर आयेचं बोट.

पूर्ण ऐकून घेतलं. एकदाही 'हं' नाही.

मग म्हणाले: पोलीस विसरा. डॉक्टरांच्या नोंदणी मंडळाला तक्रार लिहा, पण ते फार तर डॉक्टरला ताकीद देतील, भरपाई नाही. दिवाणी दावा लांबेल. उरला ग्राहक मंच. साधा अर्ज, वकील लागत नाही. "पण डॉक्टरची सेवा या कायद्यात येते का, यावरच वाद चाललाय. वर सुप्रीम कोर्टात गेलंय ते. तरी लावून ठेवा."

मी म्हटलं, पैसे दिल्याचा पुरावा नाही, पापलेट दिली.

काकांनी चष्मा काढला. "मोबदला म्हणजे नोटाच, असं कुठे लिहिलंय? लिहा. पापलेट लिहा. किती, केवढी, सगळं."

येताना दिवा स्टेशनला गाडी खोळंबली तेव्हा मांडीवर वही ठेवून अर्जाची पहिली ओळ लिहिली. मग पुढे सुचेना. 'माझ्या आईच्या बोटाला...' असं सुरू करावं की 'अर्जदार क्र. १ ही...'

२ फेब्रुवारी

घरात भांडण. बा म्हणतो, डॉक्टरशी वैर घेऊन गिऱ्हाईक तुटेल, नौपाड्यातली निम्मी घरं त्याच्या ओळखीची. आयेला विचारलं. ती जाळ्यातली गाठ सोडवत होती, उजव्या हाताने आणि दातांनी.

"तुला करायचा तर कर," म्हणाली.

हा होकार की काय, देव जाणे. मी होकार धरला.

१५ फेब्रुवारी

नोंदणी मंडळाची तक्रार पोस्टात टाकली. मंचात अर्ज दिला. तीन प्रती, बोटाचे फोटो, सरकारी इस्पितळाचा कागद. शिक्का मिळाला. घरी येऊन आयेला दाखवला. तिने शिक्का उजेडात धरून पाहिला, देवाच्या फोटोमागे खोचला.

२१ जून

क.चं उत्तर आलं. वकिलाकडून टाइप केलेली नऊ पानं. मुद्दे दोनच.

एक: उपचार विनामूल्य, माणुसकीच्या नात्याने केले. म्हणून अर्जदार ग्राहक नाही. पापलेटचा उल्लेख 'आपुलकीची भेट'.

दोन: अर्जदार अनेक वर्षं दररोज बर्फात हात घालते. बोटाची इजा त्या धंद्यामुळे झाली आहे.

दुसरा मुद्दा आयेला वाचून दाखवला नाही. बाला दाखवला. बाने कागद घडी करून परत दिला आणि होडीकडे निघून गेला. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून मिळत काही नाही तिथे. तरी जातो.

९ सप्टेंबर

तारीख. पुढची तारीख.

२ डिसेंबर

क.चा वकील: सुप्रीम कोर्टात प्रश्न आहे, तोवर थांबावं. मंच: थांबू.

अर्धी रजा गेली. हेडमास्तर म्हणतात, "शैलाबाई, खटला चालवताय की शाळा?"

१९ मार्च १९९५

आयेने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बोटावर चढवलाय, कोयता लागू नये म्हणून. त्याने मासा निसटतो. आता चिरायचं काम शेजारच्या ओट्यावरची बेबी करते, दोन गिऱ्हाइकं हिची, दोन तिची असं. पण लोक थांबत नाहीत ना. ज्याला चिरून हवं तो सरळ बेबीकडेच घेतो. बेबी तरी काय करणार.

आज दुपारी आयेची पाटी अर्धी भरलेली परत आली. बोंबील सुकत घातले.

१० जुलै

नोंदणी मंडळाचं पत्र. तक्रार मिळाली, विचाराधीन आहे. दीड वर्षाने 'मिळाली'.

१६ नोव्हेंबर १९९५

सबनीस काकांनी शाळेत फोन केला! हेडमास्तरांच्या केबिनमध्ये उभी राहून घेतला. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, पेपरात आलंय. डॉक्टर कायद्यात येतात. आणि जो डॉक्टर इतरांकडून फी घेतो त्याने एखाद्याला फुकट तपासलं तरी तो फुकटवालाही येतो. काका दोनदा म्हणाले, "पापलेट नसती दिलीत तरी चाललं असतं!"

हसले. मग केबिनमध्येच डोळे भरून आले, हेडमास्तरांनी दुसरीकडे पाहिलं.

८ फेब्रुवारी १९९६

आयेची उलटतपासणी. हिरवं लुगडं, केसात अबोली. मला बोलायचं नाही असं आधीच सांगितलेलं.

क.चा वकील: "मावशी, बर्फात हात रोज घालता ना?"

"घालतंय."

"किती वर्षं?"

"लगीन झाला तवापासून. तीस-बत्तीस."

"बर्फाने हात बधिर होतो?"

"होतो ना."

तो मंचाकडे वळून बसणारच होता. आये म्हणाली, "साहेब, माजा नाय झाला." अध्यक्षांनी बोला म्हटलं.

"बर्फ मना कळतो. कळ लागली का हात काढायचा, लुगड्यात धरायचा, मग परत घालायचा. बत्तीस वर्षांत एक बोट नाय गेला. तिथं मी हात काढीत होती. ह्यांनी काढू नाय दिला."

टाइपिस्टने विचारलं, "शेवटचं वाक्य परत सांगा." आयेने परत सांगितलं, तितक्याच सावकाश.

क. खाली बघत होता.

मला वाटलं, जिंकलो. बाहेर व्हरांड्यात काकांनी हवा काढली. मंचाने सांगितलंय, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणा. दांडी जास्त वेळ धरल्याने नस गेली, असं कुणीतरी डॉक्टरने लिहून द्यायला हवं.

२४ फेब्रु.

ठाण्यात दोन, कल्याणात एक. तिघांनी बोट पाहिलं. तिघांनी मान हलवली. एक जण स्पष्ट म्हणाला, "झालंय त्यानेच. पण मी लिहिणार नाही. उद्या माझ्यावर पाळी आली तर?"

९ मार्च

सरकारी इस्पितळातला तरुण डॉक्टर, ज्याने तेव्हा जखम पाहिलेली, सापडला. आठवत होतं त्याला. तेव्हा तोंडी म्हणालेला, फार वेळ गोठवलंय हे. कागदावर मात्र 'जुनी जखम, भरत आहे' एवढंच. आता लिहून द्याल का विचारलं. वरिष्ठांना विचारतो म्हणाला.

२३ मार्च

वरिष्ठ रजेवर.

३० मार्च

वरिष्ठ आले. तरुण डॉक्टर रजेवर. पायऱ्यांवर बसून राहिले अर्धा तास. नुसती.

१४ एप्रिल, रविवार

क. आयेच्या ओट्यावर आला. अडीच वर्षांनी. मी शेजारीच पेपर तपासत बसलेले, सहावीचा इतिहास. हातात पिशवी नव्हती.

आयेला म्हणाला, "मावशी, बोट दाखवा." तिने दाखवलं! ट्यूब काढून! त्याने वाकवून पाहिलं, टोचून पाहिलं. मग: मुंबईत त्याचा मित्र आहे, हाताचा सर्जन. ऑपरेशनने बोट सरळ होईल, थोडी जाणीवही येईल कदाचित, खात्री नाही. सगळं तो बघेल. अर्ज मागे घ्यायचा.

मी म्हटलं, "चूक झाली असं लिहून द्या आधी."

माझ्याकडे न बघता म्हणाला, "तसं लिहिलं तर मी संपलो."

आये म्हणाली, "त्या दिवशी फोनवर कोन होता?"

त्याने तिचं बोट सोडलं. "माझी बहीण. तिच्या मुलाच्या ॲडमिशनचं होतं."

"मिळाली?"

"हो."

आयेने मान हलवली. बस्स. तो गेल्यावर बेबीने विचारलं, काय म्हणत होता गो? आये म्हणाली, "काय नाय, भाव विचारीत होता."

१८ एप्रिल

तरुण डॉक्टरचा निरोप: लिहून देतो. मंचात येऊन सांगायलाही तयार. वरिष्ठांनी नाही म्हटलं तरी. मंगळवारी तारीख आहे, अकरा वाजता हजर राहीन.

आनंदाने आयेला सांगितलं. ती म्हणाली, "त्या सर्जनची वेळ पन मंगळवारीच हाय. डाक्टर सांगून गेला."

क.ने मुद्दाम तीच वेळ घेतली, मी ओरडले. दुसरी मिळत नव्हती म्हणाला, असं तिचं म्हणणं. तुझा विश्वास बसतो त्याच्यावर? अजून?

"बोट सरळ झाला तर मी मासा धरीन," आये म्हणाली. "तो निकाल लागला तर काय धरीन?"

मी म्हटलं, पैसे मिळतील, भरपाई. शिवाय त्याला कळेल. सगळ्यांना कळेल. पुढच्या बाईचा हात तो असा धरणार नाही. अडीच वर्षं, आये! बरंच बोलले. बाने रेडिओ बंद केला.

तिने ऐकून घेतलं सगळं. मग विचारलं, "खटला तुजा का माजा, पोरी?"

२० एप्रिल

काकांना विचारलं. मागे घेतला तर परत लावता येईल का? नाही, म्हणाले. ऑपरेशन बिघडलं तर? काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "कायद्याचं विचारलंत, ते सांगितलं. पुढचं तुमच्या आईला विचारा."

विचारायचं तेच धाडस होत नाहीये.

२२ एप्रिल, सोमवार

दोन्ही कागद तयार केले. एक, साक्षीदार हजर करण्याचा अर्ज. एक, तक्रार मागे घेण्याचा. दुसरा लिहिताना तीनदा पेन आपटलं. अक्षर वाईट आलंय. कुलकर्णीबाईंच्या दृष्टीने नापास.

आज संध्याकाळी ती ओट्यावरून लवकर आली. हात घासून घासून धुतले, लिंबू लावून, वास जायला. मी म्हटलं, "त्या दिवशी दवाखान्यात मी गप्प उभी राहिले, आये. त्याचंच आहे हे सगळं." पहिल्यांदाच बोलले हे.

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "मी पन गपच होती ना. एकदाच बोलली, मग गप." आणि लिंबाची साल फेकून आत गेली.

हिरवं लुगडं काढून ठेवलंय दांडीवर. उद्या सकाळी साडेनऊची बस, म्हणाली. कुठे जायला ते नाही म्हणाली. मंचाला जायचं तरी तीच बस, मुंबईची गाडी धरायची तरी तीच. दोन्ही कागद पिशवीत घातलेत.