घडीच्या कॅमेऱ्याची मूठ

प्रिय दादा,

फोनवर तू "हं"च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. पत्राला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

आमच्याकडे इतके दिवस जेवणाच्या टेबलावर जेवायला बंदी होती. तुझा फोटो स्टुडिओ आवरताना तू जो घडीचा कॅमेरा भंगारात टाकायला निघाला होतास, तो मी गुपचूप पिशवीत घातला होता. तोच तिथे खोलून ठेवला होता. दवाखाना बंद केल्यापासून माझ्या हातांना चैन नव्हतीच. तीस वर्षं लोकांच्या दाढा कोरल्या, आता त्याच हत्यारांनी स्क्रू काढते. कॅमेरा निदान ओरडत तरी नाही! शटरमधलं वंगण गोंदासारखं घट्ट झालं होतं, ते पुसलं. मग भर दुपारी न्हाणीघरात दार लावून लेन्समागच्या भात्यात टॉर्च धरला, तर त्या काळ्या घड्यांना अकरा भोकं. बाहेरून हे विचारतात, "अगं, बरी आहेस ना?" जुन्या छत्रीच्या कापडाचा नवा भाता केला. पहिला उघडला पण मिटेना, दुसरा मिटला पण उघडेना, तिसरा शहाण्यासारखा वागला.

खरी खटपट पुढेच. कॅमेऱ्याखाली लाकडी मूठ बसवली आणि शटरची केबल तिच्यातून नेली. मूठ धरायची, बोटाने कळ दाबायची, झालं. फिल्म सरकवायची चकती एवढी मोठी केली, की कॅमेरा मांडीवर ठेवून अंगठ्याने फिरते. मग चार दिवस उजवा हात मफलरने कमरेला बांधून घरभर फिरले. दूध उतू गेलं, कप फुटला, आणि आठांपैकी पाच फोटोंत यांना डोकंच नाही. "बरं झालं," हे म्हणाले, "टक्कल झाकलं." पण उरलेले तीन असे आलेत, की यांच्या स्वेटरचे टाके मोजावेत. त्या चारांतल्या दुसऱ्या दिवशी मात्र गाऊनचं एक बटण काही केल्या लागेना, तेव्हा पलंगावर बसून रडले. "होईल रे हळूहळू" असं मी तुला किती सहज म्हणत होते!

तर दादा, पार्सलमधला कॅमेरा तुझ्या डाव्या हातासाठी आहे. उजवा कधी ऐकेल ते तुझे डॉक्टर बघतील, मी आपली दातांची. रोल भरून दिलाय. पहिला फोटो वहिनीचा काढ. लोकांच्या लग्नांत चाळीस वर्षं ती तुझ्यामागे दिवा धरून उभी राहिली, आणि तुमच्या घरात तिचा एकटीचा एकही फोटो नाही. काल तिला फोनवर हे सांगितलं. तर म्हणाली, "खिडकीपाशी बसते म्हणावं. सकाळी तिथे उजेड चांगला असतो."

तुझीच,
चिमणी