खाट सोडताना
डॉक्टरसाहेब, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळपासून तुमचाच आवाज कानात आहे. तुमच्या वॉर्डात मी पाणी भरायचो, फरशी पुसायचो, तेव्हाची गोष्ट. अक्कलकोटकडची एक बाई तापातून उठून खडखडीत बरी झाली होती. दिवसभर शेजारणींशी हसायची, आणि तुमचे बूट जिन्यात वाजले की पोट धरून कण्हायची. माझे कान पहिल्यापासून तिखट. मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "सायेब, सोंग हाय." तुम्ही वळलात. "सोंग ऐकलंस, त्याच्या मागचं ऐक की जरा." आणि तुम्ही तिच्या खाटेवर बसता, नाडी धरत नाही, नुसतं विचारता, "बाई, घरी पाणी कोण भरतं?" ती पदर तोंडाला लावते. "मीच की. आड लई लांब हाय. सासू म्हनती, बरी हून ये आन् कामाला लाग." तुम्ही तिच्या नवऱ्याला व्हरांड्यातून आत बोलावलंत. "हिला इथं ठेवून ताकद येणार नाही, दुसऱ्याचा ताप मात्र लागेल. महिनाभर पाणी तू भर." "लोक हसतील की, सायेब!" "हसू देत. ही परत आली, तर इथलं पाणी तुझ्याकडून भरून घेईन." सगळा वॉर्ड खिदळला, तीही हसली. दुपारी घरी गेली, ती पुन्हा आली नाही.

आज मी कापडाच्या मागांचा मालक, आणि खाटेवर मीच. टाके वाळले, भूक लागते. तरुण डॉक्टर म्हणतात, "राहा की निवांत, शेठजी, घाई काय?" मीही मान डोलावत आलो. पण कालपासून व्हरांड्यात सांगोल्याकडचा एक म्हातारा चटईवर पडलाय. आत खाट रिकामी नाही. त्याच्या छातीतली घरघर भिंतीतून ऐकू येते. सकाळी ती ऐकता ऐकता तुमचा प्रश्न मी मलाच विचारला. घरी पाणी सून भरते, दूध तापवते, काही कमी नाही. फक्त पहाटे माझ्याआधी उठून बांगड्या वाजवणारी बायको गेली, आणि कान मात्र तेच राहिले.

खाट म्हाताऱ्याला द्यायला सांगितली आहे. तुम्हाला धाडायला पत्ता नाही, म्हणून हा कागद खिशातच राहील. टांगा दाराशी आलाय. आणि साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो, पोटात जरा दुखतंय.