बियरचे परमिट आणि गोजरबाईचे घर

लिहून ठेवणार : उकंडराव वल्द सखाराम नारखेडे, वय वर्षे ६३, रेल्वेतून निवृत्त मालबाबू, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा.

आज रोजी मी माझ्या घराच्या ओसरीत, दिवसाउजेडी, माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहितो. कोणाचा दाब नाही, कोणाची फूस नाही. पुढचे वाक्य तहसील कचेरीसमोर बसणारे अर्जनवीस तुळशीराम यांनी घालून दिले आहे : मी कोणत्याही नशेच्या अमलाखाली नाही. इतरांच्या मृत्युपत्रात हे वाक्य नुसते पडलेले असते, कोणी वाचतही नाही. माझ्या मृत्युपत्राचा सगळा जीव त्याच वाक्यात अडकला आहे, म्हणून आधी त्याचा खुलासा करतो, मालमत्तेचे नंतर पाहू.

माझा एकुलता मुलगा उत्तमराव नांदुऱ्यास कापसाची दलाली करतो. गेल्या पोळ्याला तो आला आणि म्हणाला, "बाबा, हे घर तुमच्या मांगं इकून टाकावं लागते."

मी म्हणालो, "अन् गोजर कुठं जाईन?"

गोजरबाई म्हणजे माझी धाकटी विधवा बहीण. माझी पत्नी अन्नपूर्णाबाई वारल्यापासून हे घर तिच्याच हातावर चालते.

"आत्याचं सासर हाय ना उंद्रीले."

"तिचा नवरा जाऊन बावीस वर्षं झाले. तिथं तिले कोन ओयखते बे?"

"मंग मी काय करू? तुमी मृत्युपत्र करा नाहीतर काही करा. मी दारूबिगर जगू शकत नाही, असा तुमच्या सहीचा कागद सरकारात पडेल हाय. तो मी कोर्टात ठेवतो. दारुड्याचं मृत्युपत्र कोन मानते?"

गोजरबाई आत चुलीपाशी होती. तिने सगळे ऐकले. बाहेर आली ती चहा घेऊन, आणि त्याच्या कपात तिने नेहमीपेक्षा जास्त साखर घातली होती. मला खरा राग आला तो त्या साखरेचा.

आता तो कागद. कागद खरा आहे आणि त्यातला मजकूर खोटा आहे. सन १९६२ मध्ये निवृत्त झाल्यावर मी बियरच्या परमिटसाठी अर्ज केला, कारण दारूबंदीत परमिटाशिवाय बाटली मिळत नाही. प्यायची हौस म्हणून नव्हे, बियर ही काय चीज आहे ते कळावे म्हणून. अर्जात कारणासाठी जागा होती, तिथे मी सुवाच्य अक्षरात 'कुतूहल' असे लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "बाबूजी, आजार लिहा. कुतूहलाले परमिट नाही भेटत." मग एका भल्या डॉक्टरांनी दाखला दिला की, यांना झोप नाही, भूक नाही, मद्य न मिळाल्यास प्रकृतीस धोका आहे. खाली मी सही केली. त्या दिवसापर्यंत माझ्या पोटात एका बोटापलीकडे (ते बोट कलम ३ मध्ये येईल) बियर गेलेली नव्हती आणि भूक इतकी होती की, सही करून बाहेर पडताच मी चार केळी खाल्ली.

इतका खुलासा पुरे. आता व्यवस्था.

कलम १. मलकापूर येथील माझे राहते घर, न्हाणी, विहीर व परसातील लिंबाच्या झाडासह, मी नोकरीत असताना स्वकष्टाने घेतले आहे. वडिलांचा त्यात एक पत्रादेखील नाही. हे घर माझ्या पश्चात माझी बहीण गोजरबाई हिचे पूर्ण मालकीचे होईल. तिने त्यात राहावे, ते विकावे, गाढवे बांधावीत. कोणी तिला विचारायचे नाही.

कलम २. पोस्टातील सगळी शिल्लक व अन्नपूर्णाबाईचे दागिने उत्तमरावास. म्हणजे बापाने उपाशी मारले असे त्याला म्हणता येणार नाही. तरी तो म्हणेल. शिल्लक हाती पडण्यासाठी एक अट आहे, ती शेवटच्या कलमात आहे. उत्तमराव, मधली कलमे गाळू नकोस. तू लहानपणापासून पुस्तकाचे शेवटचे पान आधी पाहतोस.

कलम ३. बियरची नोंदवही. हिचा जन्म सांगणे भाग आहे. सन १९५४ च्या वैशाखात कामठीच्या छावणीला जाणारा एक मालडबा, चाकाचा अ‍ॅक्सल तापल्यामुळे, मलकापुरात गाडीपासून तोडून ठेवला. उघडला तर तीन पेट्या फुटून आत फेसच फेस. पावतीवर नुसते 'बाटल्या'. नुकसानीच्या पंचनाम्यात मालाचे वर्णन लिहावे लागते. एक हमाल म्हणाला साबण, दुसरा म्हणाला गुरांचे औषध. मी बोट बुडवून जिभेला लावले आणि लिहिले, 'कडू, परंतु वाईट नाही.' आठ दिवसांनी वरून शेरा आला : 'वाईट नाही हे कशावरून ठरविले?' त्या शेऱ्याला मला निवृत्तीपर्यंत उत्तर देता आले नाही. माझ्या सबंध नोकरीत उत्तर न गेलेला तेवढा एकच कागद.

म्हणून परमिट. महिन्या-दोन महिन्यांनी अकोल्यास जाऊन एकच बाटली आणायची, पोहऱ्यात घालून विहिरीत सोडायची, संध्याकाळी काढायची. अर्धा पेला माझा. उरलेली अभ्यासाला. फेस फूटपट्टीने मोजायचा, किती मिनिटे टिकतो ते रेल्वेच्या घड्याळावर पाहायचे, मग राहिलेले लिंबाला ओतायचे. झाड अजून उभे आहे. रकाने असे : नग, रंग, फेस, वास, चव, शेरा. तापमानाचाही रकाना होता. ताप मोजायचे थर्मामीटर मी वर्षभर बियरमध्ये बुडवले आणि वर्षभर 'तापमान : नाही' असे लिहिले. ते थर्मामीटर गार काही मोजतच नाही, हे मला गोजरबाईने सांगितले. तो रकाना लाल शाईने रद्द केला आहे. वाचणाऱ्याने हसू नये.

बियर करतात कशी हे विचारायला मी चार कंपन्यांना इंग्रजीत पत्रे टाकली. एकीने चार पानांचे उत्तर पाठवले. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे, भरडून गरम पाण्यात घालायचे, त्या पाण्यात एका वेलीची कडू फुले उकळायची आणि मग आंबू द्यायचे. मी ते गोजरबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजे कुरडईचा गहू अन् सातूचं पीठ, दोन्ही एकाच भांड्यात केलं ह्या लोकाइनं."

ती स्वतः थेंबालाही शिवली नाही. पदर सावरून लांब बसायची. पण नाक असे की रेल्वेने पगारावर ठेवावे. पहिल्याच बाटलीला मी वासाच्या रकान्यापुढे अर्धा तास पेन धरून बसलो होतो, तेव्हा ती दारातून बोलली, "दादा, हे तिसऱ्या दिवशीच्या कुरडईच्या गव्हाच्या पान्यावानी हाय." मी हुंगले. तेच होते. नवव्या बाटलीला म्हणाली, "हे उन्हात ठेवेल व्हती." पुढच्या खेपेला दुकानदाराला विचारले, तर बाटली दोन महिने काचेच्या खिडकीत होती. पस्तीस बाटल्यांच्या नोंदी आहेत आणि वासाच्या रकान्यातला एकही शब्द माझा नाही. नोंदवही गोजरबाईला. तिला वाचता येत नाही, पण सांगितले तिनेच आहे.

कलम ४. शेजारी भगवंतराव यांचे संबंधी. हे गृहस्थ सहा वर्षे देवळाच्या ओट्यावर मला दारुड्या म्हणत आले. सन १९६४ मध्ये मी एकदाच, फक्त प्रयोगासाठी, माळ्यावर सातूला मोड आणून घरी बियर लावली. कायद्याने हा गुन्हा आहे, मी तो कबूल करतो. बरणी तिसऱ्या दिवशी दुपारी फुटली आणि माळ्यावरून सगळे खाली भगवंतरावांच्या धोतरावर आले, कारण ते त्याच वेळी ओसरीत बसून मला व्यसनाचे दुष्परिणाम सांगत होते. उरलेला चोथा त्यांच्या म्हशीने खाल्ला. म्हैस आठवडाभर भरपूर दूध देत होती. तेव्हापासून ते दर सोमवारी हळूच विचारतात, "बाबूजी, पुन्हा नाही लावत का ते?" त्यांना मी माझी लोखंडी घमेली देतो. सातू त्यांनी आपले आणावेत.

या मृत्युपत्रावर मी त्यांनाच साक्षीदार घेतले आहे. मला दारुड्या ठरवणारा माणूसच, मी शुद्धीत होतो असे म्हणाला, तर कोर्टाला आणखी काय पाहिजे? ते यायला कचरतील असे वाटले होते. पण लगेच आले. म्हणाले, "म्या तुमाले पेलेलं कधी पाह्यलं नाही, बाबूजी. निस्तं सांगत व्हतो." मी हे वाक्य त्यांच्यासमोरच येथे उतरवून घेतले आहे.

कलम ५. परमिट. तुळशीराम म्हणाले, "तो कागद चालू हाय तोवर उत्तमराव भारी. तुमी आता बरे झाले असा डाक्टरचा नवा दाखला आणा." मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्ही कधीच आजारी नव्हता असं लिहिलं तर मी खोटा पडतो. अजून आजारी आहात असं लिहिलं तर तुमची बहीण रस्त्यावर येते. बरे झालात असंच लिहितो. पण तीन महिने परमिटवर एकाही बाटलीची नोंद चढता कामा नये. आणि बऱ्या झालेल्या माणसाला परमिट पुन्हा मिळत नाही, हे समजून घ्या."

मी म्हणालो, "समजलं."

तिसरा महिना संपायला नऊ दिवस उरले असताना अकोल्याच्या दुकानदाराचे कार्ड आले. एक काळी बियर असते, सातू पार काळे होईपर्यंत भाजून केलेली, असे कंपनीच्या त्या पत्रात होते. दोन वर्षे मी ती मागत होतो. कार्डावर लिहिले होते, 'एक बाटली आली आहे. आपल्यासाठी ठेवली आहे.' परमिट खिशातच होते.

गोजरबाई म्हणाली, "घेऊन या, दादा. घराचं पाहू मंग."

मी तिच्यावर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो. ती चुलीतले लाकूड मागे ओढत म्हणाली, "मंग मले वाटते तो वास ल्ह्या. करपेल भाकरीवर गूळ सांडला, तसा असंन."

मी लिहिला नाही. न पाहिलेल्या मालाची नोंद मालबाबू करत नाही. गेल्या सोमवारी परमिट बुलढाण्यास जमा केले, पोच घेतली, ती व डॉक्टरांचा दाखला यासोबत टाचला आहे. परत येताना बसमध्ये मला फार वाईट वाटले. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला एका बाटलीसाठी इतके वाटावे, याची लाज नाही वाटली.

कलम ६. अट. नोंदवहीत छत्तिसावा नग 'बियर, काळी' असा लिहून पुढचे रकाने मी कोरे ठेवले आहेत. उत्तमरावाने ती बाटली मिळवून या घरी आणावी, आत्याच्या परवानगीने ओसरीत बसावे, तिच्यापुढे उघडावी आणि वासाच्या रकान्यात ती सांगेल तेच, तिच्याच शब्दांत, स्वतःच्या अक्षरात लिहावे. खाली तिचा अंगठा झाला की तुळशीराम त्याला पोस्टाचे पुस्तक देतील. त्याआधी नाही.

बाटली रीतसर यावी. त्यासाठी उत्तमरावास परमिट काढावे लागेल, आणि आपण दारूवाचून जगू शकत नाही, असे स्वतःच्या सहीने सरकारला लिहून द्यावे लागेल.

येणेप्रमाणे लिहिले ते मी वाचून पाहिले. बरोबर आहे. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही, यापुढे करण्याचा विचार नाही.

ठिकाण : मलकापूर
तारीख : १२ फेब्रुवारी १९६८, सकाळी साडेदहा

(सही) उकंडराव सखाराम नारखेडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. (सही) तुळशीराम महादेवराव वानखडे, अर्जनवीस, मलकापूर
२. (सही) भगवंतराव काशिराम फिरके, शेजारी. बाबूजी शुद्धीत आहेत. आज आहेत, आधीही होते.