अध्यक्षांचा अंगठा

५ जाने.
ह्यांनी आजपासून भात सोडला. रविवारपर्यंतच. रविवारी मंडळात आरोग्य तपासणी, आणि समाजाच्या अध्यक्षांचीच साखर वाढलेली निघाली तर काय तोंड दाखवणार! सकाळी कारल्याचा रस. संध्याकाळी नवे बूट घालून चालायला नव्या रायपुरात, तेही गाडीने जाऊन.

७ जाने.
सगळ्यांचं तेच. शेजारच्या काकूंचा फोन: "तीळगुळाले हात नाही लावून राहिली मी. रविवारी रक्त देऊन आली की मग खाईन." तपासणी आहे की दहावीचा पेपर? डोक्यावर पडलेत सगळे.

८ जाने.
ह्यांच्या मोज्याला रक्त. नवे बूट चावलेत, अंगठ्याला फोड येऊन फुटलासुद्धा. ह्यांना पत्ता नाही. "दुखत नाही मले. काहून बोंबलून राहिली?"

रविवार
ह्यांची साखर ठीक. असणारच, आठवडाभर उपाशी. मी रोजच्यासारखी जेवूनखाऊन गेले, तर माझीच जरा जास्त निघाली. हे चारचौघांत म्हणतात, "घरात एक तरी पेशंट लागतेच!" हशा. मग माइकवर घोषणा, आपला समाज निरोगी आहे. टाळ्या. लगेच पंगत, गुलाबजाम. ह्यांच्या ताटाकडे मी बघितलंच नाही.

१६ जाने.
जखम भरत नाही. वास येतो. डॉक्टरकडे चला म्हटलं की फ्रिजवर चिकटवलेल्या रिपोर्टकडे बोट दाखवतात. एम.ए. झालेला माणूस!

१९ जाने.
मिताली साखर बघायची मशीन घेऊन आली. बापाचं बोट टोचलं, आकडा बघून पोरीचा चेहरा उतरला. "पापा, आज ही डॉक्टर के पास चलो."
"मशीन खराब आहे तुझी."
तिने स्वतःचं बोट टोचून दाखवलं. मशीन चांगली आहे.

२३ जाने.
मिताली रडली तेव्हा कुठे हे डॉक्टरकडे गेले. अंगठा काळा पडलाय. डॉक्टर म्हणाले, लगेच भरती व्हा, आत्ता अंगठ्यावर भागेल, थांबलात तर पावलाचं सांगता येणार नाही.
हे म्हणे, "सव्वीस तारखेनंतर पाहू."
सव्वीसला कोण्या मोठ्या साहेबांच्या हातून समाजाला ढाल मिळणार, निरोगी समाज म्हणून. ढाल! चीड येते ह्या माणसाची. आणि भीतीही वाटते. दोन्ही एकदम.

२६ जाने.
फेटा बांधून तयार. वाकवत नाही, म्हणून बूट मी घातला. घालताना तो अंगठा जोरात दाबला, मुद्दाम. हे आरशात फेटा नीट करत होते.
"बरा दिसतो ना?"
हव, म्हटलं.
डिकीत ह्यांचे कपडे, टॉवेल, ब्रश भरलेली पिशवी ठेवली आहे. गाडी मिताली चालवणार. "मम्मी, सीधे हॉस्पिटल?" हळूच विचारलं तिने. मी हो म्हणाले. पण वाटेत ह्यांना कळलं की भररस्त्यात गाडी थांबवतील, उतरून ढाल घ्यायला चालत निघतील. त्याच पायाने. आणि दुखणारही नाही.