डिसेंबरात बसवलेलं मशीन

४ एप्रिल

माझ्या एडिटिंगचा कॉम्प्युटर, आमचं मशीन, आज तिसऱ्यांदा बसलं. विट्याच्या फोटोवाल्या दादांची सव्वा तासाची लग्नाची फिल्म, तयार होत होत ऐंशी टक्क्यांवर आली आणि निळा पडदा. लाईट गेली होती म्हणून दादांना थाप मारली. "ताई, नवरीकडची मंडळी हितं दुकानात येऊन बसल्यात," म्हणाले. बसू देत.

टेबलफॅन मशीनकडे वळवलाय. त्याला वारा, मला घाम.

५ एप्रिल

यांचा फोन. आधी "मशीन कसं हाय?" मग लेकीचा, आर्याचा अभ्यास, मग त्यांच्या आईचे, म्हणजे आत्यांचे गुडघे, मग मी. चौथा नंबर, पण लागतो तरी.

बंद पडतंय म्हटलं तर पटेना. "असं कसं? मी सोता फुल लोडवर तासभर चालवून बघितलंय. रॅम काढ, पूस, परत बसव."

चालवलं होतं खरं. डिसेंबरात रजेवर आले तेव्हा दिवसा ऊसतोड आणि रात्री हे. प्रोसेसर कंपनीने ३.६ गिगाहर्ट्झचा दिलेला, यांनी ४.७ वर नेला. व्होल्टेज जरासं वाढवायचं, पळवायचं, टेंपरेचर बघायचं, परत जरासं. मी शेजारी बसून आकडे वहीत उतरवत होते. चार रात्री खांद्याला खांदा लावून. मला प्रोसेसरशी काय घेणं होतं!

फोन ठेवताना म्हणाले, ऑक्टोबरात फौजेत सतरा वर्षं पुरी होतात. पेन्शन घेऊन घरी यायचं, की अजून दोन वर्षं वाढवून घ्यायची, ते मेअखेर लिहून द्यायचंय. "तू काय म्हणतीस?"

"तुमी ठरवा." माझं नेहमीचं.

८ एप्रिल

रॅम पुसली. फरक शून्य. मग टेंप. उघडून बसले. ९८! वहीत डिसेंबरचं पान काढलं, त्याच लोडला ७६. कोपऱ्यात यांच्याच अक्षरात, "खोली १८". आर्याच्या शाळेच्या प्रकल्पातला थर्मामीटर भिंतीला टांगला. दुपारी तीनला ४०. खोली बावीस चढली, प्रोसेसर बावीस चढला. एवढं सरळ.

रजा मागायची ती ऊस तुटायला, हा घरचा शिरस्ता. लग्नाला अकरा वर्षं, प्रत्येक रजा डिसेंबर-जानेवारीची. लग्न मेमधलं, पण तेव्हा ही पत्र्याची खोली नव्हती आणि आठव्या दिवशी हे गेलेसुद्धा. या माणसाने आपल्या घरातला उन्हाळा बघितलेलाच नाही. मशीन बसवलं तेही डिसेंबरातल्या घरासाठी.

१२ एप्रिल

आज स्वतः सेटिंगमध्ये शिरले. आधी वेग तोच ठेवून नुसतं व्होल्टेज उतरवलं, १.३५ वरून १.२८. टेंप. उतरलं, पण पाच मिनिटांत निळा पडदा. त्या वेगाला तेवढं व्हो. पाहिजेच, आणि दिलं की तापतंय. मग वेगच ४.५ केला, व्हो. १.२२. तासभर लोड दिला. ८४ च्या वर गेलं नाही.

फिल्मला अकरा मिनिटं जादा लागली, पण झाली. नवरीकडची मंडळी सुटली एकदाची.

यांचं सेटिंग पुसलं नाही. ते सेव्ह करून पहिल्या खणात, माझं दुसऱ्यात.

१३ एप्रिल

सांगितलं. लागलं त्यांना.

"साडेचारवर आणलंस? माज्या हातनं तासभर चाललेलं हाय ते."

"डिसेंबरात चाललेलं. आवं, एप्रिलात ह्या खोलीत कवा बसलाय तुमी?"

हळूच म्हणाले, "व्हय गं. न्हाईच बसलो कवा."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. इतकं जिव्हारी लागेल असं बोलायचं नव्हतं. आणि बोलायचंही होतं.

२० एप्रिल

आज फोनवर मशीनचं नावच नाही. दुपारी तुमी कुठं बसता, पाणी कितीला येतं, आंगणात झोपता का आत. आमच्या आंब्याला पाड लागला की आधी कोण खातं. पाहुण्याने विचारावं तसं एकेक. मीही सांगत सुटले. आंगणात खाट टाकतो, आत्या आकाशाकडे बघून वाऱ्याला शिव्या देतात, आर्या पायाशी ओला टॉवेल घेते.

"आनि तू?" म्हणाले.

मी आर्याच्या शेजारी म्हटलं. दुसऱ्या खाटेचं नाही सांगितलं. ती मी रोज रिकामीच टाकते. कोणी विचारलं तर म्हणते, कपडे ठेवायला होते.

११ मे

आत्यांनी भाकरी थापता थापता धरलंच. "ये म्हन की त्याला. तुजं तोंड शिवलंय व्हय?"

"तुमी म्हना की आत्या, लेक तुमचा हाय."

"आई काय, रोजच ये म्हनती. ते त्यो मोजत न्हाई."

मला भीती कसली ते इथे लिहिते. मी ये म्हटलं, ते आले, आणि इथे करमलं नाही तर? आयुष्यभर बोल माझ्यावर. त्यापेक्षा तुमी ठरवा बरं. सोज्वळही दिसतं.

२४ मे

आज यांनीच मन मोकळं केलं. "लय भ्या वाटतं गं. मला हितलं काम येतं. तितं मी म्हैन्याचा पाव्हना. पंधरा दिसांत तुमाला जड झालो तर?"

अकरा वर्षं हा माणूस तिकडे हेच घेऊन बसलाय आणि मी इकडे.

तरीही माझ्या तोंडून काय निघावं? "बघा बाई."

३० मे

म्हटलं एकदाचं. फोन घेऊन न्हाणीघराच्या मागे उभी राहून, आर्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"या. मला तुमी पाहिजे. उन्हात, पावसात, भांडाभांडीत. जड झालात तर तोंडावर सांगीन, पण या."

तिकडे मागून कोणीतरी त्यांना हाक मारली. "उद्या साडेचारला कागद द्यायचाय. पाचच्या आत फोन करतो," म्हणाले, आणि ठेवला.

३१ मे

दादांची या हंगामातली शेवटची फिल्म लावलीय. खोली ४१, प्रोसेसर ८५. नीट चाललंय.

सकाळपासून वाटतंय, बोलले नसते तर बरं. मग वाटतं, दोन वर्षांपूर्वी पंधरा पुरी झाली तेव्हाच बोलले असते तर. आता ते नाही म्हणाले तर ते मलाच नाही म्हणालेले असतील. "तुमी ठरवा" म्हणून अंग काढून घ्यायची सोय राहिली नाही.

साडेतीनपासून आत्या दोनदा डोकावून गेल्या. चहा ठेवू का विचारायला, म्हणे. एवढ्या उन्हात.

पाचला दहा कमी. फोन टेबलावर पालथा ठेवला होता. आता सुलटा केलाय.