शिट्टी आधी वाजली

३ जानेवारी १९५४, रविवार

लवकर शिट्टी मारली! कल्याणच्या आखाड्यात आज पंच मी आणि बातमीदारही मीच. सहदेवने बाळकुमच्या काळुरामला उचलून आपटलं — आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात बातमीचं वाक्य जुळलं. 'क्षणार्धात अस्मान दाखवलं.' झकास वाक्य! त्याच भरात शिट्टी फुंकली. काळुरामचा डावा खांदा मातीपासून वीतभर वर होता — तो चीत झालाच नव्हता. मी पाहिलं. पण शिट्टीनंतर.

जिंकणाऱ्याला जिल्ह्याच्या संघात जागा. ती सहदेवला मिळाली. काळुराम अंगावरची माती न झटकताच निघून गेला.

५ जानेवारी

वाक्य तसंच छापायला दिलं. वर 'निर्विवाद' हा शब्दही घातला! वीस वर्षं तालमींवर लिहितोय, लाज कशी नाही वाटली?

७ जानेवारी, गुरुवार

अंक आला. जेवताना पानावरून तीनदा उठलो. प्रमोदिनी म्हणाली, "पाटाला खिळे आहेत का हो?"

१० जानेवारी, रविवार

बाळकुमला गेलो — कबूल करायचंच म्हणून. काळुराम मिठागरावर. अंगणात त्याची आई, ठमाबाई, सुकट निवडत बसलेली. कुडाला माझी बातमी भाताच्या शितांनी चिकटवलेली!

"माजे पोराचा नाव पेपरान आयलाय. वाचून दाखव ना दादा, काय लिवलाय."

तिला अक्षर येत नाही. मी वाचू लागलो — "काळुरामचा खांदा टेकलाच नव्हता. पंचांनी घाई केली. कुस्ती पुन्हा व्हायला हवी." यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. म्हातारी खूश!

वळलो तर मागे काळुराम. चौथी शिकलेला.

"वाचलास ता छापशील कवा?"

चपला पायात सरकवून तडक परतलो.

१२ जानेवारी

बाळकुमला वाचलं तेच छापा म्हटलं, तर संपादक श्रीपाद ऐकेना. "अहो, तुम्हाला पुन्हा पंच कोण करील?" कोणीही नाही, ठाऊक आहे. आखाड्याशिवाय माझे रविवार कसले! तरी मजकूर त्याच्या टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाला, "छापतो. पण खाली तुमचं नाव घालीन." घाल बाबा!

१४ जानेवारी, गुरुवार

छापून आलं. तीच तीन वाक्यं. वीस वर्षांत प्रथमच बातमीखाली माझं नाव. दुपारी आखाड्याच्या समितीचा माणूस शिट्टी परत घेऊन गेला.

१७ जानेवारी, रविवार

कुस्ती पुन्हा ठरली. पंच दुसरा. काळुराम घरी येऊन सांगून गेला. नवा अंक त्याने आईला वाचून दाखवला म्हणे. ती म्हणाली, "ह्या त जुनाच हाय! त्या दिशी दादान वाचला नाय का!"