रावेरच्या ट्रकचा टर्बो

नाना, रावेरच्या त्या केळीच्या ट्रकबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घाई कसलीच नाही. रडू येत नाही, तुम्ही गेलात तेव्हाही आलं नव्हतं. आत सगळं बधिर आहे, एवढंच सांगता येईल.

नव्वदीची सुरुवात असेल. मी धुळ्याहून डिप्लोमा करून तुमच्या जळगावच्या गॅरेजात येऊ लागले होते आणि अक्कल अंगात मावत नव्हती. सहा सिलिंडरचं ते मोठं धूड; मालकाला त्यावर टर्बो हवा होता, म्हणजे इंजिनाच्याच धुरानं फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा. आपल्याकडे दोन होते. एक लहान, दुसरा तसल्याच इंजिनाच्या जनरेटरवरून उतरवलेला मोठा. मी कागदावर गणित मांडलं: एवढं इंजिन, एवढी हवा, म्हणून मोठा. तुम्ही डिझेलचा पंप बसवत होतात, मानही वर केली नाहीत. "इंजिन मोठं शे म्हनीसन टर्बो मोठा लावू नको. गाडी चढावर कशी चालस, ते देख." मग माझं पडलेलं तोंड पाहून म्हणालात, "लाव बरं. तू शिकेल शे."

आठवड्यात ट्रक परत आला. ड्रायव्हर दारातूनच सांगतो, "नाना, घाटात गाडी चढस नही. नुसता काया धूर सोडस." तुम्ही माझ्याकडे पाहता. मी म्हणते, "पंपाची वेळ चुकली असेल." इतकं सहज म्हणते. पंप तुमचा होता. इंजिनात डिझेल नेमकं कुठल्या क्षणी पडावं, ती पंपाची वेळ नुसतं कानानं ऐकून लावणारा माणूस म्हणून पार बोदवडहून लोक तुमच्याकडे यायचे. तुम्ही तो तीनदा उतरवलात, तीनदा बसवलात. धूर तसाच.

मला दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं. जनरेटर दिवसभर एकाच वेगानं पळतो, त्यामुळे त्याचा मोठा पंखाही फिरत राहतो. घाटात भरलेली गाडी रांगते. तेवढ्याशा धुरानं तो जड पंखा जोरच धरत नाही, मग हवा अपुरी पडते आणि डिझेल काळं होऊन बाहेर येतं. तुम्ही बोदवडला लग्नाला गेलात त्या दिवशी मी लहान टर्बो चढवला आणि मोठा भंगारात दिला. तुम्ही परतलात तोवर ट्रक निघून गेला होता. लहान टर्बो जागेवर दिसणार नव्हता, म्हणून तो विकला असं तुम्हाला सांगितलं. आणि पंप धुळ्याच्या एका मिस्त्रीनं येऊन लावून दिला, गाडी आता घाट चढते, असंही सांगितलं.

तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "मना कान गया आते," म्हणालात. पंपाची हत्यारं पुसून फडक्यात बांधलीत आणि पुन्हा पंपाला हात लावला नाहीत. पुढची सगळी वर्षं गॅरेजात नटबोल्ट निवडत बसायचात. मी शेजारून ये-जा करायचे. भीती वाटायची असंही नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू.

हे पत्र कुठे टाकणार? तुमची जुनी गिऱ्हाइकं पिंप्राळ्यात अजून भेटतात. विचारतात, नानांनी एवढं हातातलं काम मध्येच का सोडलं हो? मी सांगते, वय झालं होतं. परवाही तेच सांगितलं. तुम्ही तेव्हा बावन्न वर्षांचे होतात.